मेसच्या वहीत माझा रकाना

मी मेस सुरू केली तेव्हा दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला १,४०० रुपये घेत होते. आज ३,४०० घेते. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत दर कधी कधी वाढवला ते बोटांवर मोजता येईल. दर न वाढवता कसं भागवलं, ते सांगायला मात्र वेळ लागेल. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातली. नवी मुंबईची वाशी वेगळी, हे पुण्यात प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं खरिपाला सोयाबीन, उडीद, तूर आणि रब्बीला ज्वारी. पाऊस बरा झाला तर वर्ष निघतं. नाही झाला तर माणसं भूम-बार्शीमार्गे पुण्याची गाडी धरतात. नवरा असाच आला आणि एका एजन्सीमार्फत सुरक्षारक्षकाच्या कामाला लागला. त्याच्या पगारात खोलीचं भाडं आणि किराणा निघायचा, पोराची शाळा निघायची नाही. म्हणून मी शेजारच्या खोलीत राहणाऱ्या दोन मुलांना डबा द्यायला लागले. दोनाचे दहा झाले, दहाचे पन्नास, आणि नव्या पेठेत तळमजल्यावरची एक जागा भाड्याने घेतली.

सदाशिव, नारायण आणि नवी पेठ, शास्त्री रस्ता हा सगळा भाग स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा. अभ्यासिका, कॉट बेसिसच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या आणि मेस यांवर तो चालतो. माझ्याकडचे मेंबर बहुतेक मराठवाड्यातले: वाशी, भूम, परंडा, कळंब, बीड, जालना. बापाची चार-पाच एकर कोरडवाहू, मुलगा पदवीधर, घरून महिन्याला सात-आठ हजार येणार. त्यात कॉट, अभ्यासिका, मेस, पुस्तकं, परीक्षांचे फॉर्म आणि गावाकडचं तिकीट. एका बाजूला बाजारभाव आणि दुसऱ्या बाजूला ही मुलं, अशा ठिकाणी मी उभी असते. त्यामुळे महागाई कुठून येते हे जसं दिसतं, तशी ती पुढे कुठे जाते हेही दिसतं.

भाव चढले की मेसवाली लगेच दर वाढवत नाही. आधी ताट बदलतं, आणि अशा बेताने बदलतं की जेवणाऱ्याला आठ-पंधरा दिवस कळू नये. वरणात पाणी वाढतं. उसळीत बटाटा येतो. कोबी आणि दुधी आठवड्यातून जास्त वेळा होतात. चपातीचा उंडा लहान होतो. दह्याच्या जागी ताक येतं, तेही सरसरीत. रविवारच्या फीस्टला गुलाबजामऐवजी शिरा होतो. एवढं करूनही भागलं नाही तर ‘अनलिमिटेड’ची पाटी उतरते आणि चार चपात्यांची ‘लिमिटेड’ थाळी सुरू होते. या युक्त्या शिकवायला कोणी यावं लागत नाही. महिनाअखेरीला घरोघरी बायका त्या करतच असतात. मेसमध्ये त्या पन्नास ताटांना कराव्या लागतात, एवढंच.

पण या युक्त्यांना मर्यादा आहे आणि ती फार लवकर येते. वरण पातळ झालं की पोट भरत नाही, म्हणून मुलं चपाती जास्त घेतात. चपात्या वाढल्या की गहू वाढतो, गॅस वाढतो आणि लाटणाऱ्या बाईचे हातही वाढतात. मेसला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो आणि त्याचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. २०२२च्या उन्हाळ्यात तो दोन हजारांच्या वर गेला होता. डाळीत वाचवलेले पैसे तव्याखाली जळायचे. तेव्हापासून माझा एक नियम आहे: कडधान्य आणि वरण यांना हात लावायचा नाही. कमी करायचंच असेल तर जे वाढतं पण खाल्लं जात नाही ते कमी करायचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त भात ताटात राहायचा. वाढपाची पळी लहान केली, ज्याला हवा त्याने पुन्हा घ्यावा असं सांगितलं आणि टाकला जाणारा भात निम्म्यावर आला. कोणाचं पोट त्यामुळे उपाशी राहिलं नाही.

डाळीने मला सगळ्यात मोठा धडा दिला. २०१५च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. मी मसुरीवर गेले, मुगावर गेले. मराठवाड्यातली पोरं कुरकुरायची. तुरीच्या वरणाशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. मला वाटायचं, निदान गावाकडं तरी कोणाचं भलं होत असेल. तसं काही नव्हतं. दुष्काळ होता, टँकर चालू होते, आमच्या लोकांकडे विकायला तूरच नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि महाग डाळ पाहिलेल्या सगळ्यांनी तूर पेरली. २०१७च्या सुरुवातीला बोनससह हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकायची वेळ आली. धाकटे दीर खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून कित्येक दिवस रांगेत होते. कधी बारदाना संपलेला, कधी काटा बंद. त्यांच्या जेवणाचा डबा जाऊबाई रोज पाठवायच्या. त्या वर्षी पुण्यात डाळ उतरली आणि माझ्या मेसचं गणित छान बसलं. ते कशावर बसलं हे मला घरातच दिसत होतं.

तसंच पुढे तेलाचं. २०२४च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं आणि पंधरा किलोचा डबा आठवड्याभरात चांगलाच चढला. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून शुल्क वाढवलं असं सांगितलं गेलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि गावाकडच्या बाजारात तो चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. माझ्याकडं जेवणाऱ्या मुलाने तेलाचा चढलेला भाव ताटातून दिला आणि त्याच्याच बापाने सोयाबीनचा पडलेला भाव शेतात घेतला. एकाच घराने दोन्हीकडून मार खाल्ला. माझ्या मेंबरांपैकी अर्ध्याअधिक घरांची हीच तऱ्हा आहे.

मुलं महागाईशी कशी झुंजतात, ते मी रोज पाहते. पहिली काटछाट नाश्त्यावर येते. सकाळचे पोहे बंद होतात आणि अकरा वाजल्यापासूनच मेसच्या दाराशी गर्दी होते. मग चहा दिवसात एकदाच. मग गावाला जाणं लांबतं: पंचमीला नाही, एकदम दिवाळीला. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एका डब्यात दोघं. एक मुलगा मेंबर असतो, पार्सल नेतो आणि खोलीवर दुसरा अर्धा खातो. ते ओळखायला वेळ लागत नाही. एरवी चार चपात्या खाणारा मुलगा लाजत सहावी मागतो आणि भाजी ‘जरा जास्त’ म्हणतो. एका मेंबरला मी विचारलं, रूममेट कुठला? तो गप्प झाला. म्हटलं, त्यालाही घेऊन ये, महिना संपेपर्यंत अर्धे पैसे दे, पुढचं पुढं बघू. दोघं वर्षभर जेवले. एकजण आता सरकारी नोकरीत आहे, दुसऱ्याने गावाकडं शेळ्या घेतल्या आहेत. दोघंही फोन करतात.

एवढं पाहून एक गोष्ट पक्की झाली आहे. खाण्यावर वाचवलेला पैसा फार महाग पडतो. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ज्यांनी एक वेळ जेवून दिवस काढले, त्यातले निम्मे तापाने किंवा पित्ताने आडवे झालेले मी पाहिलेत. औषधाला आणि सलाईनला जेवढे गेले त्यात दोन महिन्यांची मेस झाली असती. म्हणून नवं पोर आलं की मी सांगते: कॉट साधी घे, मोबाईल जुना चालव, कपडे दिवाळीला घे, जेवण आणि झोप यांना हात लावू नकोस.

माझ्या स्वतःच्या घराचं गणित भाड्याशी येऊन अडायचं. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी भाड्यात वाढ, वर डिपॉझिट. मध्ये एकदा ठरवलं की लांब उपनगरात जाऊ, तिथं निम्म्या भाड्यात मोठी खोली मिळते. जायच्या आधी कागदावर मांडून पाहिलं. मला पहाटे पाचला चूल पेटवायची असते, त्या वेळी बस नाही, म्हणजे रिक्षा. नवऱ्याची ड्यूटी पाळीची. पोराची शाळा बदलायची. त्यावर रोजचे अडीच-तीन तास रस्त्यात. भाड्यात जे वाचणार होतं ते रस्त्यात जाणार होतं, आणि तासांचे पैसे तर कोणी धरलेच नव्हते. आम्ही दत्तवाडीतल्या लहान खोलीतच राहिलो. जून २०२५मध्ये पीएमपी बसचा महिन्याचा पास ९०० वरून १,५०० झाला, तेव्हा लांब राहायला गेलेल्या माझ्या मदतनीस बाईची महिन्याची घडी विस्कटली. घराचं भाडं आणि जाण्यायेण्याचा खर्च या दोन रकमा वेगळ्या धरणारा माणूस शहरात हमखास फसतो.

गावात स्वस्ताई असते, असं पुण्यातले लोक मला सांगतात. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, मुलं मिळेल त्या वाहनाने घरी गेली, मेस बंद पडली आणि आम्हीही वाशीला गेलो. भाडं नाही, ज्वारी घरची, दूध शेजारचं. पहिला महिना बरं वाटलं. मग कळलं की गावाला पैसे कमी लागतात हे खरं, पण येतातही त्याहून कमी. पोराच्या ऑनलाइन शाळेला मोबाईल हवा, तो तिथेही तेवढ्यालाच. पेट्रोल तेवढंच, उलट दवाखान्याला जायला जास्त. तेलाची पिशवी पुण्यापेक्षा दोन रुपये महाग, कारण ती पुण्याकडूनच आलेली. सासूबाई म्हणायच्या, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला गेलो, लाल मिलो खाल्ली, लेकरांना सुकडी मिळायची, पण बाजारातून आणायचं ते मीठ, काडीपेटी न् रॉकेल. आता सगळंच बाजारातून येतं.’ त्याच १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायकांचा लाटणे मोर्चा निघत होता. सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. धान्य आमच्याकडं पिकलं नव्हतं आणि मुंबईत ते मिळत नव्हतं. एकाच गोष्टीची ही दोन टोकं होती.

टाळेबंदी उठल्यावर परतलो तेव्हा मेंबर निम्मे राहिले होते. राज्यसेवेची परीक्षा पुढे पुढे जात होती. मार्च २०२१मध्ये ती आणखी एकदा पुढे ढकलल्याची बातमी आली आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, तेव्हा टीव्हीवर सगळे त्यांच्या वयोमर्यादेबद्दल बोलत होते. मला त्या गर्दीत दुसरा हिशेब दिसत होता. परीक्षा एक महिना लांबली की प्रत्येकाची एक महिन्याची कॉट, एक महिन्याची अभ्यासिका आणि एक महिन्याची मेस वाढते. तो खर्च कुठल्याच बातमीत येत नाही. तो वाशीत किंवा जालन्यात कोणाच्या तरी बापाच्या खात्यातून जातो. पुढे सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सुरू झाल्यावर काही मुलांच्या मेसचे पैसे दोन खात्यांवरून यायला लागले. थोडे बापाकडून, थोडे आईकडून.

परीक्षा लांबत होती त्याच काळात माझ्या वहीला नवं वळण लागलं. कळंबकडचा एक मुलगा, कॉमर्सचा पदवीधर, दोन महिने थकला होता. तो म्हणाला, ‘काकू, पैसे दिवाळीनंतर देतो, तोवर तुमचा हिशेब नीट मांडून देतो.’ माझी वही म्हणजे तारीखवार खर्च आणि मेंबरांचे खाडे, बस. त्याने रकाने पाडले: किराणा, भाजी, दूध, गॅस, जागेचं भाडं, वीज, दोन मदतनिसांचा पगार. सगळं लिहून झाल्यावर विचारलं, ‘तुमचा पगार कुठल्या रकान्यात धरू?’

म्हटलं, ‘उरेल तो माझा.’

‘आणि नाही उरलं तर?’

मी उत्तर दिलं नाही. त्याने माझ्या नवऱ्याची पगाराची चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्यातल्या दोन ओळी दाखवल्या. एक मूळ वेतन, दुसरी विशेष भत्ता. किमान वेतनावरचा हा भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो आणि तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो. म्हणजे पुणे, सोलापूर, नाशिक अशा शहरांतल्या बाजारात डाळ-तेल-भाडं किती चढलं याची कुठंतरी नोंद होते आणि त्या मानाने गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या पगारात थोडी भर पडते. ती भर तोकडी असते, उशिरा येते, काही कंत्राटदार तीही बुडवतात. पण महागाई वाढली तर मजुरी वाढली पाहिजे, हे निदान कागदावर मान्य आहे. त्याच घरात राहून, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उभं राहणाऱ्या माझ्या कामाला मूळ वेतनच नव्हतं, मग भत्ता कशाचा चढणार?

तोपर्यंत महागाईची प्रत्येक लाट मी पचवते याचा मला थोडा अभिमान होता. त्या रकान्यांनी ती कशी पचते हे दाखवलं. तेल चढलं तेव्हा मी दुपारची झोप सोडली आणि भाजी निवडायची बाई कमी केली. गॅस चढला तेव्हा पहाटे एक तास आधी उठायला लागले, कारण मोठ्या पातेल्यात एकदम शिजवलं की गॅस वाचतो. दर १,४००चा २,६०० झाला तरी पुष्कळ भार दरात आलाच नव्हता. तो माझ्या पाठीत आणि गुडघ्यांत होता.

आणि तो माझ्यावरच थांबत नव्हता. मदतनिसांपैकी एक, दांडेकर पुलाजवळची बाई, माझ्याकडं बरीच वर्षं आहे. वहीचं तिला सांगितलं तर हसून म्हणाली, ‘ताई, तुमचं वरण पातळ झालं तर पोरं बोलतात. माझा पगार पातळ झाला तर कोण बोलणार?’ दोन वर्षांत मी तिचा पगार वाढवला नव्हता.

मग आम्ही नव्याने मांडलं. बाहेरून स्वयंपाकीण आणली असती तर तिला जेवढा पगार द्यावा लागला असता तेवढा माझ्या नावावर धरला. मदतनिसांना वाढ धरली. भागिले मेंबर केल्यावर दर आला ३,१००च्या वर. तेव्हा मी २,६०० घेत होते. एकदम पाचशे वाढवणं कोणालाच झेपलं नसतं. जूनमध्ये दोनशे आणि जानेवारीत दोनशे असं ठरवलं आणि सगळा हिशेब कागदावर लिहून हात धुवायच्या जागेवर चिकटवला. गॅसचं बिलही शेजारी लावलं. पाच-सहाजण सोडून गेले. एकाने भांडण काढलं की मेसवाल्यांनी स्वतःचा पगार दाखवायची काय गरज. त्याला बाकीच्या मुलांनीच उत्तर दिलं. उरलेले टिकले, आणि मला दुसऱ्या दिवशीपासून वरणात पाणी घालायचं कारण राहिलं नाही. चोरून कमी करण्यापेक्षा सांगून वाढवलेलं लोक सहन करतात, हा माझा अनुभव आहे. मात्र सांगताना आकडे खरे लागतात आणि कमी झाल्यावर उतरवायची तयारी लागते. गॅस स्वस्त झाला तेव्हा एका सहामाहीत मी दर वाढवला नाही, तेही त्याच कागदावर लिहिलं.

दुसरा उपाय मिळून खरेदी करण्याचा. २०२२च्या जुलैत पाकीटबंद डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आला. तो २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर होता, त्याहून मोठ्या पोत्यावर नव्हता. ज्याच्याकडे पोतं घ्यायला पैसे आणि ठेवायला जागा त्याची सुटका, ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने पाकिटावर कर भरायचा. आम्ही चौघी मेसवाल्या एकत्र आलो. गहू-तांदूळ पोत्याने, कांदा-बटाटा मार्केट यार्डातून टेम्पोने, आणि तूर थेट वाशीकडून घेऊन बार्शीला भरडून. किलोमागे जे सुटायचं त्यातून टेम्पोचं भाडं जाऊनही उरायचं, आणि दिरांना व्यापाऱ्यापेक्षा थोडे जास्त मिळायचे.

यात नवीन काही नव्हतं. पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीने १९७०च्या दशकातच हे करून दाखवलं. बिंदुमाधव जोशींच्या त्या चळवळीत शेजारची घरं गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवायची आणि वाटून घ्यायची. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. त्या बायकांची अडचण माझ्या ओळखीची आहे. खाणाऱ्याचा पगार महिन्याने होणार, किराणा मात्र आज भरायचा. उधारीवर घेतलं की दुकानदार भाव चढवून लावतो, आणि त्या वाढीला कोणी व्याज म्हणत नाही.

आमचा गट काही सुरळीत चालला नाही. चांगला कांदा कोणाच्या वाट्याला गेला यावरून रुसवे झाले. एकीने दोन महिने पैसे उशिरा दिले. एकजण बाहेर पडली. आता तिघी आहोत आणि नियम कडक आहे: पैसे आधी, माल नंतर, वाटणी चिठ्ठी टाकून. मैत्री आहे म्हणून गट टिकत नाही, नियम आहे म्हणून मैत्री टिकली. बाजाराला धरून चालणंही शिकलो. वेळ अमावस्येच्या दिवसांत ओले दाणे, पालेभाज्या, गाजर सगळं उतरलेलं असतं. त्या दिवशी मी भज्जी आणि आंबील करते, लातूर-धाराशिवची पोरं डोळे मोठे करून जेवतात, आणि ते वर्षातलं सगळ्यात स्वस्त जेवण असतं. डिसेंबरात टोमॅटो भरपूर घालायचे आणि पावसाळ्यात ते शंभरीपार गेले की चिंच, आमसूल वापरायचं, हे आईने शिकवलंच होतं.

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या भागात कधी पाहिला नव्हता असा पाऊस झाला. भूम, परंडा, वाशी, कळंब सगळीकडे पाणी. काढायला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, कुठं मातीच वाहून गेली. २८ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. म्हणजे मुलांचा खर्च वाढला आणि तो पाठवणारी घरं बुडाली, दोन्ही एकाच आठवड्यात. काहीजण मेस सोडतो म्हणायला आले. पूर्वी असतं तर मी ‘जेव रे, बघू पुढं’ म्हटलं असतं आणि तो भार नेहमीच्या जागी जाऊन बसला असता. या वेळी वहीत नवा रकाना उघडला: पूरसवलत. ज्यांच्या गावी नुकसान झालं त्यांना दोन महिने अर्धा दर. एकूण रक्कम किती होते ते लिहिलं आणि कागद पुन्हा भिंतीवर लावला. माझ्या पगारातून किती गेले ते लिहिलं. खाली जागा मोकळी ठेवली. नोकरी लागलेल्या जुन्या मेंबरांनी काही भरलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांनी आपली एक एक फीस्ट सोडली, किराणा दुकानदाराने एक पोतं तांदूळ दिला. सगळं भरून निघालं नाही. बरंचसं माझ्यावरच राहिलं, पण किती राहिलं हे मला आणि बाकीच्यांना माहीत होतं.

शिवभोजन थाळीबद्दल लोक बरंवाईट बोलतात. २०२०च्या प्रजासत्ताक दिनी ती सुरू झाली तेव्हा मला तिच्यातली एक गोष्ट आवडली होती. शहरातल्या थाळीचा खर्च ५० रुपये धरलेला, त्यातले १० जेवणारा देणार, ४० सरकार देणार. कोण किती भरतं ते उघड होतं. ते अनुदान लांबलं तर भार केंद्र चालवणाऱ्या बाईवर येणार, हेही त्यातच दिसतं. स्वस्त जेवण मी पुष्कळ पाहिलं आहे. ज्याचे उरलेले पैसे कोणीच भरत नाही असं एकही पाहिलेलं नाही.

पुरानंतर वाशीकडच्या एका बाईचा फोन आला. शेत खरवडून गेलं, नवरा-बायको पुण्याला यायचं म्हणतात, तिला डबे सुरू करायचे आहेत. एसटीचं भाडं वाढलं असलं तरी बायकांना अर्धं तिकीट आहे, आधी एकटी येऊन जागा बघून जा, असं मी सुचवलं. खोली कामाजवळ घे, भाडं जास्त वाटलं तरी. किराणा उधार घेऊ नकोस. आणि वही आणशील तिच्यात पहिल्या पानावर स्वतःचा पगार लिही. ती म्हणाली, ‘पहिल्याच दिवशी पगार धरला तर दर चढंल की.’ म्हटलं, चढेल. ज्याला झेपेल तो देईल. ज्याला झेपणार नाही त्याला मनाला येईल तेवढी सूट दे, पण आधी पगार लिही आणि मग त्यातून सूट वजा कर.

‘लोकं म्हणतील, बाई लई हिशेबी झाली.’

म्हणू देत, म्हटलं. पुण्यात ती काही शिवी नाही.